वहिनी, मास्तर आणि पुसलेलं पुस्तक

माझ्या वहिनीला लोक 'वाचाबाई' म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात. तिला त्याचं काही नाही. बिघडलेले कॉम्प्युटर नीट करणं हा तिचा धंदा, आणि दुसऱ्याच्या घरात शिरल्या शिरल्या तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "काय आलंय स्क्रीनवर? वाचा." समोरचा म्हणतो, "काहीतरी एरर येतोय हो." ही म्हणते, "काहीतरी नावाचा एरर अजून निघालेला नाही. वाचा. मोठ्याने वाचा."

मी तिची नणंद. नणंदेने भावजयीचं कौतुक केलं की जगाला संशय येतो, म्हणून आधीच सांगून टाकते, बाई हट्टी आहे, कपाट धड लावत नाही, आणि माझ्या दादाला तिने इतकं लाडावून ठेवलंय की त्याला स्वतःचा मोजा सापडत नाही. मी त्यांच्याकडेच राहते, सगळं रोज डोळ्यांनी बघते. पण कामात तिचा हात धरणारं कुणी नाही, हे मात्र मान्य करावंच लागतं.

तिची कामाची एक रीत आहे. पहिली दहा मिनिटं ती माउसला हात लावत नाही. गिऱ्हाइकालाच खुर्चीत बसवते, आपण शेजारी स्टूल ओढून घेते, हात मांडीवर ठेवते आणि म्हणते, "मघाशी काय केलंत तेच परत करा. माझ्याकडे बघू नका, मी नाहीच असं समजा." आणि मग गंमत सुरू होते. कारण प्रत्येकाने आधी शपथेवर सांगितलेलं असतं, "मी काहीच केलं नाही हो, आपोआप झालं." आपोआप! माझ्या हातून कपबशी फुटली की तीही आपोआपच फुटते, त्यामुळे मला या लोकांचं दुःख कळतं.

एका वकिलाचा कारकून आहे. त्याचा प्रिंटर छापेना. पठ्ठ्याने तीन वेळा प्रिंटरचं सॉफ्टवेअर काढलं, तीन वेळा घातलं, वायर बदलली, शेवटी वकिलांनाच नवा प्रिंटर घ्यायला सांगितलं. वहिनीने त्याला समोर बसवून मेसेज वाचायला लावला. ट्रेमधे कागद नाही, असं लिहिलं होतं. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. हा मेसेज त्याने त्या दिवशी एकवीस वेळा 'ओके' म्हणून घालवला होता.

दुसरे आमचे दाताचे डॉक्टर. त्यांच्या मशीनवर कुठलंही पान उघडायला गेलं की 'हे ठिकाण सुरक्षित नाही' असा लाल फलक यायचा. डॉक्टरांनी व्हायरस समजून एक अँटीव्हायरस टाकला, भागेना म्हणून त्यावर दुसरा टाकला. एका घरात दोन सवती! दोघी एकमेकींच्या झिंज्या उपटत बसल्या आणि मशीन मुंगीच्या पावलाने चालायला लागलं. वहिनीने रिसेप्शनिस्टला म्हटलं, "खाली कोपऱ्यात तारीख काय दिसते, वाच." ती सतरा वर्षांपूर्वीची निघाली. आतली बटणाएवढी बॅटरी संपली होती, त्यामुळे मशीनला आज कुठला दिवस हेच कळत नव्हतं, आणि तारीख जुळेना म्हणून ते प्रत्येक पानावर संशय घेत होतं. बॅटरी बदलली, एक सवत माहेरी पाठवली, काम झालं. डॉक्टर म्हणाले, "एवढंच होतं?" ही म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही काढलेला दातही हातात घेतला की एवढासाच असतो."

माझंही सांगते, नाहीतर म्हणाल ही दुसऱ्यांचीच उणीदुणी काढते. मी एका छापखान्यात पुस्तकांची पानं लावते. एकदा प्रोग्राम उघडेना, म्हणून मी त्या चित्रावर टिचक्या मारत सुटले. चौदा मारल्या. मग तो उघडला, चौदा वेळा उघडला, आणि मशीन जागच्या जागी थिजलं. वहिनी मला एरवी 'अगं' म्हणते. चिडली की 'वन्सं' करते आणि अहो-जाहो सुरू होतं. त्या दिवशी म्हणाली, "वन्सं, नोकराला चौदा वेळा हाक मारली तर तो चौदा वेळा येतो. एकदा हाक मारा आणि दम धरा." मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिला ते तिसऱ्या दिवशी कळलं.

तर अशी ही बाई. आता मास्तरांचं सांगते, ज्यासाठी एवढं पुराण लावलं.

मास्तर म्हणजे शिंपी. पन्नास वर्षं कात्री चालवलेला माणूस. आणि साधा शिंपी नव्हे. ज्यांना दुसरी दुकानं वाटेला लावायची ती माणसं मास्तरांकडे यायची. कुणाच्या पाठीला बाक, कुणाचा एक पाय आखूड, कुणाला एकच हात. तयार कपडा अशांच्या अंगावर लोंबतो नाहीतर रुततो. मास्तर त्यांना उभं करायचे, बसवायचे, चालायला लावायचे आणि मग माप घ्यायचे. पाच वर्षांपूर्वी त्यांचे हात थरथरायला लागले आणि कात्री सुटली. तेव्हा त्यांनी ठरवलं, डोक्यात आहे ते सगळं लिहून काढायचं. भाचीने त्यांना मेलवर पानांचा एक कोरा नमुना पाठवला, आणि मास्तर त्यात उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप करत बसले. चार वर्षं बसले. आठ प्रकरणं झाली. शिवणकामाच्या एका शाळेने ते पुस्तक छापायचं ठरवलं आणि काम आमच्या छापखान्याकडे आलं. असं दुसरं पुस्तक कुठे नाही हो. मास्तर गेले की ही विद्या त्यांच्याबरोबर जाणार होती, आणि ते हे जाणून होते.

फाइल माझ्याकडे पाठवायच्या आदल्या दिवशी मास्तरांचा फोन आला. मशीन फार सुस्तावलंय, 'डिस्कवर जागा नाही' असं म्हणतंय. मीच म्हटलं, "काळजी नको, आमच्या वहिनीला पाठवते." म्हणजे आग लावायला काडी मीच पुरवली.

त्या सकाळचं वहिनीचं हे चौथं घर. जिना चढून धाप लागलेली, खाली पुढचं गिऱ्हाईक फोनवर फोन करतंय. मास्तर खुर्चीत बसले आणि नेहमीप्रमाणे मेसेज वाचायला लागले. पण त्यांचा हात माउसवर इतका थरथरत होता की बाण नेमक्या जागी जाईचना. एकदा चुकला, दोनदा चुकला. वहिनीला ते बघवेना. तिने स्वतः मला सांगितलं, "निम्मी दया आली आणि निम्मी घाई होती." ती म्हणाली, "द्या इकडे, मास्तर." आणि दहा मिनिटांचा नेम मोडून माउस हातात घेतला.

जागा मोकळी करायची तिची पहिली मात्रा ठरलेली आहे. प्रत्येक मशीनमधे तात्पुरत्या फाइलींचा एक कोपरा असतो, तिथे वर्षानुवर्षांचा कचरा साठतो, तो झाडून टाकायचा. तिने आधी कागदपत्रांच्या फोल्डरमधे डोकावून पाहिलं, तिथे दोन-चार फोटो होते. मग कोपरा उघडला आणि सगळ्याला एकदम टिचकी मारली. मशीनने विचारलं, हे कायमचं पुसायचं का? हिने न वाचता 'ओके' केलं. हिने! वर उत्साहाने एक मोठा अपडेट उतरवून घेतला, मशीन पळायला लागलं, आणि बाई पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेल्या.

दुपारी आम्ही तिघं चहा घेत होतो. माझा फोन वाजला. मास्तर खुशीत होते. "बाई, तुमच्या वहिनींनी मशीन काय पळतं केलंय! वा! फक्त माझं पुस्तक उघडत नाहीये. मेसेज आलाय, वाचून दाखवू का?" मी फोन स्पीकरवर ठेवला. मास्तर एकेक शब्द सुटा करत वाचत गेले, "ही फाइल सापडत नाही. ती हलवली गेली असेल, तिचं नाव बदललं असेल, किंवा ती पुसली गेली असेल."

वहिनीने कप खाली ठेवला. मला काही कळेना. ती फोनवर वाकली, "मास्तर, भाचीने पाठवलेला नमुना तुम्ही मेलमधूनच उघडला होता का? दुसरीकडे कुठे ठेवला होता?"

"नाही हो. मेलमधे उघडला आणि त्यातच लिहीत गेलो. रोज सेव्ह करायचो, अगदी न चुकता. प्रोग्राम उघडला की यादीत सगळ्यात वर तोच दिसायचा."

मेलमधून फाइल थेट उघडली की मशीन तिला त्याच तात्पुरत्या कोपऱ्यात ठेवतं. चार वर्षांची मेहनत कचऱ्याच्या शेजारी झोपत होती, आणि मास्तरांना बिचाऱ्यांना ते माहीत असायचं कारणच नव्हतं.

"मास्तर," वहिनी म्हणाली, "आता कशालाही हात लावू नका. बंद करायची पद्धत बिद्धत विसरा. सरळ भिंतीवरचं बटण दाबा. हो, आत्ताच. मी येतेय."

ती चपला घालत असताना दादाने तोंड उघडलं. "अगं, व्हायरस होता म्हणून सांग. व्हायरसला काय बायकामुलं आहेत? कुणाचं नाव खराब व्हायचं नाही." आणि मी मान डोलावली. खोटं कशाला बोलू? तिचं नाव गेलं तर तिच्या पोटावर पाय येणार, माझ्याकडे आलेलं पुस्तक गेलं तर माझीही छापखान्यात छी-थू. व्हायरस मला फार सज्जन वाटायला लागला होता.

वहिनीने आमच्याकडे असं पाहिलं की दादा वर्तमानपत्रात शिरला. मला म्हणाली, "वन्सं, यायचं तर तोंड बंद ठेवून या."

मास्तर वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत राहतात. भिंतीशी शिवणयंत्र, त्यावर स्वच्छ खोळ, खिडकीजवळ कॉम्प्युटर. आम्ही गेलो तेव्हा ते काळ्या पडद्यासमोर हात मांडीवर घेऊन बसले होते. वहिनी बसलीसुद्धा नाही. उभ्याने म्हणाली, "मास्तर, तुमचं पुस्तक मी पुसलं. सकाळी. न वाचता बटण दाबलं. मशीनचा दोष नाही आणि तुमचा तर अजिबात नाही."

मास्तरांनी काळ्या पडद्यावरून एकदा हात फिरवला. मग हळू आवाजात म्हणाले, "माझ्या हातूनही कापड चुकलंय, बाई. चुकलं की मी गिऱ्हाइकाला घरी जाऊन सांगायचो. पण मी दुसरं कापड घेऊन जायचो. तुम्ही काय आणलंत?"

"काही नाही आणलं," वहिनी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तिचा हात धरला. "पण मशीन मला न्यायला द्या. पुसलेली फाइल लगेच जात नाही. दारावरची पाटी तेवढी निघते, भाडेकरू आतच असतो. नवा भाडेकरू सामान घेऊन आला की जुना बाहेर. म्हणून बटण बंद करायला सांगितलं. कोण कोण आत उरलंय ते बघते. सगळं मिळेल असं मी म्हणणार नाही."

"न्या," मास्तर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. चहा नाही, बसा नाही. त्यांच्या जागी मी असते तर आमच्यावर शिवणयंत्रच फेकलं असतं.

दोन दिवस आमचं जेवणाचं टेबल दवाखाना झालं होतं. वहिनीने मास्तरांच्या मशीनमधली डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली आणि पुसलेलं शोधणारा प्रोग्राम लावला. चार हजार तीनशे बारा फाइली निघाल्या. नावं सगळ्यांची गेलेली, नुसते आकडे. उघडून बघितल्याशिवाय कशात काय आहे ते कळणार नव्हतं, आणि ते काम कुणाच्या गळ्यात पडलं असेल? अर्थात नणंदेच्या. छापखान्यात रजा टाकली आणि बसले. जाहिरातींची चित्रं, बातम्यांची अर्धी पानं, आणि बूट! अहो किती बूट! मास्तर फावल्या वेळात बूट बघत बसतात हे मला नको असताना कळलं. दादा दर तासाला येऊन "सापडलं का?" विचारायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा विचारलं तेव्हा मी त्याला भाजी आणायला पिटाळलं.

अकराच्या सुमारास पुस्तक सापडलं. मी ओरडलेच. पहिली पाच प्रकरणं धडधाकट, मापांच्या तक्त्यांसकट. पुढे पानं उलटली आणि थांबले. सहावं, सातवं, आठवं म्हणजे कुबड्या वापरणारा माणूस, चाकाच्या खुर्चीतला माणूस आणि एक हात नसलेला माणूस. तिथे नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. वहिनीने खूप खटपट केली. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाली, "तो अपडेट. त्यांच्या जागेवर जाऊन बसलाय. नवा भाडेकरू मीच आणला गं." त्यानंतर ती रडली, चांगली हमसून रडली. मी पाणी दिलं. उरलेल्या सहाशे फाइली तरी बघू, असं म्हणून मी पुन्हा बसले, कारण दुसरं काय करणार?

त्या सहाशेत एक दोन पानांची फाइल निघाली. अक्षर तेच, मांडणी तीच, तारीख दोन वर्षांपूर्वीची. वर लिहिलं होतं 'पहिलं माप'. मास्तरांनी सांगितलेल्या आठांत हे प्रकरण नव्हतं. मला वाचायची खोड, मी वाचलं. मग वहिनीला बोलावलं आणि तिला वाचून दाखवलं.

"माझ्या बायकोचा डावा खांदा उजव्यापेक्षा सव्वा इंच खाली होता. ती फोटोला उभी राहत नसे. मी तिला पहिला कोट शिवला तेव्हा डाव्या खांद्यात अस्तराच्या आत कापडाची एक घडी घातली आणि तिला सांगितलं नाही. ती आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, आज मी सरळ दिसतेय. मी म्हटलं, रोजच दिसतेस. त्यानंतर एकतीस वर्षं तिच्या प्रत्येक कपड्यात मी ती घडी घातली. कधी बोललो नाही, तीही बोलली नाही. ती गेल्यावर तिचं कपाट आवरलं. जुने कपडे तिने फडक्यांसाठी उसवले होते. त्यांतल्या सगळ्या घड्या तिने काढून, धुऊन, एका दोऱ्याने बांधून ठेवल्या होत्या. मोजल्या. छप्पन्न होत्या."

वहिनीने डोळे पुसत ती दोन पानं स्वतः पुन्हा वाचली. दादा भाजी घेऊन आला आणि काय झालं म्हणून घाबरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मशीन घेऊन मास्तरांकडे गेलो. सापडलेलं सगळं मी छापून घेतलं होतं. वहिनीने आधी वाईट बातमी दिली, "शेवटची तीन गेली, मास्तर. आता मिळणार नाहीत." मास्तरांनी मान हलवली. त्यांनी गठ्ठा घेतला आणि पानं उलटत गेले. सगळ्यात खाली मी ती दोन पानं ठेवली होती. तिथे आल्यावर त्यांनी पान खिडकीच्या उजेडात धरलं.

"हे कुठून आलं?"

"तिथेच होतं," वहिनी म्हणाली. "तुम्ही पुसलं होतंत ना? आम्ही वाचलं, माफ करा. नाव नसल्यामुळे उघडावं लागलं."

"मी पुसलं होतं," मास्तर म्हणाले. "वाटलं, शिकायच्या पुस्तकात घरचं रडगाणं कशाला. त्याच संध्याकाळी चूक कळली. मग किती वेळा लिहायला बसलो. शब्दच येईनात. एक ओळ जमली नाही, बाई, दोन वर्षांत." त्यांनी डोळे पुसले, अगदी उघडपणे, शर्टाच्या बाहीने. "ती तीन प्रकरणं मी पुन्हा सांगेन. ती माझ्या हातात आहेत, उद्यापासून बसू. ही बाई लिहून घेईल." ही बाई म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं, पण मी हो म्हणून बसले होते. "हे मात्र मला परत लिहिता आलं नसतं."

त्यांनी ती दोन पानं गठ्ठ्याच्या खालून काढून सगळ्यात वर ठेवली. कडा जुळवल्या. मग वहिनीकडे बघून विचारलं, "हे पुन्हा जाऊ शकतं का?"

"नाही जाऊ देणार," वहिनी म्हणाली. "तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवते."

"चार ठिकाणी ठेवा," मास्तर म्हणाले.